खरखर कुणाची?

तबकडी पुसायला घेते तेव्हा मी नक्की काय करत असते, याचा हिशेब मला एकदा स्वतःशी मांडायचा आहे. डहाणूजवळच्या आगरला समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सुरूच्या रांगेपलीकडे आहे. खारा वारा बारा महिने घरात शिरतो, आणि पावसाळ्यात कपाटातल्या कागदी पाकिटांवर बुरशीची पांढरी जाळी धरते. तबकड्या पुसाव्या लागतात, त्यात दुमत नाही. पण माझा जीव पुसण्यात जितका रमतो तितका ऐकण्यात रमत नाही, हे अलीकडे मला जाणवू लागलं आहे. गाणं सुरू झालं की कान गळ्याकडे जात नाही, ‘टक्’ कुठे होतंय तिकडे जातो. हिराबाई बडोदेकर गात असतात आणि मी ओरखड्यांची वाट बघत बसते. हे लक्षण बरं नव्हे.

तबकड्या मामंजींच्या. बहुतेक मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. थोड्या नंतरच्या एल.पी. आहेत. दोन्हींची जात वेगळी, त्यामुळे त्यांची घाणही वेगळी. एल.पी. प्लास्टिकची, नुसती पाकिटातून काढली तरी तिच्यावर वीज चढते आणि खोलीतली धूळ ती ओढून घेते. कोरड्या कपड्याने घासाल तर वीज आणखी वाढते. ७८ ची तबकडी लाखेची. तिला स्पिरिट लावलं की ती संपलीच. आमच्याकडे सुतार खुर्च्यांना पॉलिश करायला आला होता तेव्हा त्याने बाटलीत स्पिरिटमध्ये चपडा भिजत घातला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं मधासारखं पाणी झालं होतं. तबकडीत जो पदार्थ गाणं धरून ठेवतो तो हाच. त्या बाटलीकडे पाहिल्यापासून स्पिरिटचा बोळा ७८ च्या कपाटाजवळ येऊ देत नाही.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. ते तबकडीवर वाळलं की खाचेत क्षार राहतात आणि सुई ते रगडत जाते, म्हणजे धुतल्याने खरखर वाढायची. म्हणून डहाणू रोडच्या गॅरेजातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणते. त्यात साबणद्रवाचा एखादा थेंब, मखमलीचा तुकडा, आणि हात नेहमी खाचेच्या दिशेने, गोल. मधल्या लेबलाला ओल लागू द्यायची नाही. मग साध्या बॅटरीच्या पाण्याने पुन्हा एकदा, आणि पंख्याखाली न ठेवता सावलीत उभी करून वाळवायची. पंखा ओल्या तबकडीवर नवी धूळ आणून टाकतो. हे सगळं मी मन लावून करते. वाळलेली तबकडी उजेडात तिरकी धरली की खाचांवरून एक चकाकी सरकत जाते. ती बघताना मला जे समाधान वाटतं, ते गाण्याचं नसतं. ते मालकीचं असतं.

इथपर्यंत निदान हेतू शुद्ध म्हणता येईल. पुढचा भाग अवघड आहे.

बुरशी निघते, धूळ निघते, आणि तरी खरखर उरते. कारण ती बाहेरून आलेली नाही. लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असे. पोलादी पिन त्या पुडीवर घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची व्हावी, अशी ती योजना होती. पिनेने झिजायचं आणि तबकडीने टिकायचं. म्हणून एका बाजूला एक पिन असा नियम होता. ती पूडच आपल्याला सतत ‘सर्‌र’ अशी ऐकू येते. तो तबकडीचा अंगचा आवाज आहे; कितीही धुतली तरी तो जाणार नाही.

दुसरी खरखर झिजेची, आणि ती मामंजींची. त्यांनी पिना जपून, पुन्हा पुन्हा वापरल्या असणार. पिनांची डबी संपली की ती मिळायला मुंबईची फेरी पडायची, आणि वाडीच्या कामातून ती सारखी कशी पडणार? बोथट पिन आणि चावीच्या ग्रामोफोनचा जड साउंडबॉक्स यांना मोठा आवाज झेपत नाही. खाचेची वळणं जिथे सर्वांत रुंद तिथे ती भिंत खरवडून काढतात. म्हणजे गाणारी वरच्या षड्जावर जाते, आवाज भरून येतो, नेमकी तीच जागा फाटलेली ऐकू येते. ती जागा आली की मी कपाळाला आठ्या घालते. पण ती फाटली, कारण कुणीतरी ती ऐकली, अनेकदा ऐकली, दिवसभर झाडांना पाणी देऊन आल्यावर ऐकली. माझ्या पुसण्यात इतकं ऐकणं आहे का? मन खरं उत्तर देतं, आणि ते उत्तर ‘नाही’ असं आहे.

झिजेच्या बाबतीत एक गोष्ट मला फार शिकवून गेली. एल.पी. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली आणली. तिची खाच फार बारीक, सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. ७८ ची खाच रुंद. तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एल.पी.ची सुई ७८ च्या खाचेत सोडली तर ती तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी असतो गाळ. योग्य मापाची सुई भिंतींना धरून चालते. त्यातही थोडं मोठं किंवा थोडं लहान टोक घेतलं तर जुन्या पिनेने न झिजवलेला भिंतीचा पट्टा सापडू शकतो, आणि तिथे आवाज शाबूत असतो. शिवाय या तबकड्यांतलं गाणं सुईला आडवं हलवतं. वर-खाली हलवतो तो कचरा आणि झीज. कार्ट्रिजची जोडणी मोनो केली की वर-खालीचा भाग एकमेकांत कटून जातो आणि खरखर कितीतरी उतरते. तबकडीला हात न लावता. आपण तिला स्पर्श कुठे करतो, एवढंच बदलायचं. घरातल्या माणसांशीही मी असं वागू शकले असते, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

पण माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. संगणक आला. सुरुवातीचा, गाणं नसलेला क्षण त्याला दाखवायचा, ‘ही खरखर’ म्हणून सांगायचं, आणि तो तेवढी सगळीकडून वजा करतो. भाच्याने मला ते शिकवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, इतकं स्वच्छ. मग तानपुरा शोधू लागले. तानपुरा होता, पण त्याची जवारी नव्हती. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून वादक जी झिणझिण मुद्दाम काढतो, जिच्यावाचून तानपुरा म्हणजे नुसती तार, ती संगणकाने कचरा समजून उचलून नेली होती. गाणारीचा श्वासही गेला होता. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. खरखर म्हणजे काय हे त्याला मी सांगितलं होतं. दोऱ्याची झिणझिण आणि दगडाच्या पुडीची सर्‌र यांतला फरक ज्या कानाला कळायला हवा तो माझा.

गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात पहिल्या ध्वनिमुद्रणांत गाणं संपवून इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. मेणाची मूळ तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय होती. काम झालं की उपयोग संपला. स्वच्छतेचा हट्ट धरणारा माणूस तेही कापून टाकेल. गाण्याचा तो भाग नाहीच. आणि आज आपल्याला तिची ओळख त्या एका वाक्यात जितकी सापडते तितकी कितीतरी लेखांत सापडत नाही. तेव्हा नकोसं काय, हे आज ठरवणारी मी कोण?

म्हणून आता दोन प्रती ठेवते. एक जशी सुईखाली वाजली तशी, अस्पर्श. दुसरी हलक्या हाताने टकटक काढलेली, आणि तिच्यासोबत चिठ्ठी: सुई कोणती, वेग किती, काय काढलं. पुढच्या कुणाला माझा कान चुकीचा वाटला तर त्याला मूळ मिळायला हवं. पण प्रती कुणासाठी? मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची माणसं तबकड्या घेऊन एकत्र बसून ऐकत आली. माझं कपाट कुलपात असतं. धूळ बसू नये म्हणून, असं मी सांगते. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या काकूंना बालगंधर्व ऐकायचे होते, तेव्हा मी त्यांना मोबाइलवर लावून दिले. तबकडी झिजेल ही भीती होती. ती भीती खरी होती, आणि तरीही त्या वेळी मला तबकडी माणसापेक्षा मोठी वाटली, हेही खरं.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे ते गुरू. त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर मिळत नाही. बुवांची एखादी फुटकी, बुरसटलेली, अर्धी झिजलेली बाजू कुणी माझ्या हाती दिली असती तर मी खरखरीबद्दल चकार शब्द काढला नसता. जिथे काहीच उरलेलं नाही तिथे खरखर म्हणजे श्रीमंती.

या विचाराने मला माझ्या दाराशी आणून उभं केलं आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भात निघाल्यावर रात्री तारपा वाजतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान. वाजवणारा श्वास तुटू देत नाही आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल फिरते. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती साखळी चितारून जगभर नेली. चित्र भिंतींवर लागलं. आवाज तिथेच, शेणाने सारवलेल्या अंगणात राहिला. माझ्या कपाटात कलकत्ता आहे, मुंबई आहे, पुणं आहे. तारप्याचं एक मिनिटही नाही. घरात रेकॉर्डर आहे, मायक्रोफोन आहे, वेळही आहे. त्या आवाजात वारा असेल, पायांची धप्‌धप् असेल, पोरांचा गलका असेल, लांबून जाणारी गाडी असेल. त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, मुळात तो घ्यायचा की नाही, हे तारपा वाजवणाऱ्याने ठरवायचं. त्याला विचारायला मी अजून गेलेली नाही.