सारथ्य कोणाचे?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचा दोष साधनाकडे, या मानवी खोडीवर तीत नेमके बोट ठेवले आहे. परंतु अंगणच जर नर्तकाचा घसरणारा पाय सावरू लागले, तर नृत्य कोणाचे म्हणावे? शर्यतीच्या धावपट्टीसाठी सिद्ध केलेल्या वेगवान वीजमोटारींनी हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवला आहे, आणि तो केवळ यंत्रशास्त्राचा नाही, असे आम्हांस वाटते.

टेस्ला कंपनीने २०१८ साली आपल्या ‘मॉडेल ३ परफॉर्मन्स’ या मोटारीस ‘ट्रॅक मोड’ दिला. २०२० साली त्यात सुधारणा झाली. ओढ पुढच्या चाकांकडे किती आणि मागच्या चाकांकडे किती, गाडी सावरणाऱ्या संगणकाने किती हस्तक्षेप करावा, पाय उचलताच मोटारीने स्वतःच वेग किती रोखावा, हे सारे चालकाने पडद्यावर बोट सरकवून ठरवावे, अशी ती योजना.

याचे मर्म टायरच्या पकडीत आहे. टायरची पकड म्हणजे मर्यादित शिल्लक होय. वेग वाढविणे, वेग रोखणे आणि वळणे, हे तिन्ही खर्च त्याच शिलकेतून भागवावे लागतात. पुढच्या चाकांनी शिल्लक ओलांडली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. मागच्यांनी ओलांडली तर तिची शेपूट बाहेर फिरते. पुढे-मागे स्वतंत्र मोटर असलेली वीजमोटार ही वाटणी निमिषार्धात बदलू शकते. बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही खाली राहतो. मात्र त्याच बॅटरीमुळे अशा गाड्यांचे वजन दोन टनांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जाते, आणि संगणक पकडीची वाटणी करू शकला, तरी नवी पकड निर्माण करू शकत नाही. निसर्गाने घातलेली मर्यादा कोणत्याही ‘मोड’ने उठत नाही.

मग अशी मदत घेऊन वळण साधणाऱ्याचे कौशल्य उसने म्हणावे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता त्या पाचांतील एक आहे. एकटा कधीच नाही. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज घोड्याच्या पाठीवरून नर्मदा ओलांडून माळव्यात आले. अंधारात पायाखालची वाट घोडाच अधिक जाणत होता. म्हणून कोणी त्या स्वारांस अश्वविद्येत कच्चे म्हटले नाही. साधनाला बुद्धी असणे हे कर्त्याला उणेपण आणत नाही. मात्र ज्याला आपल्या घोड्याने काय सावरले हेच कळत नाही, तो स्वार नव्हे, ओझे होय.

या कसोटीवर ‘ट्रॅक मोड’ उलट अर्थाने बोधप्रद ठरतो. रोजच्या रस्त्यावर संगणक आपल्या चुका आपल्याला न कळविता पोटात घालतो. येथे तो थोडा बाजूस सरतो आणि चूक करण्याचा अधिकार चालकाला मापून परत देतो. ज्याला चूक दिसते, तोच शिकतो.

ह्युंदाईच्या २०२३ च्या ‘आयोनिक ५ एन’ने तर याहून विलक्षण गोष्ट केली. या गाडीस बदलण्याजोगे गिअर नाहीत. तरीही ती आठ गिअरांचा भास निर्माण करते, गिअर बदलताना हिसका देते, इंजिनाचा आवाज ऐकविते, आणि वेळेवर गिअर न बदलल्यास जोर खरोखरच अडवून धरते. ही फसवणूक आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु फसवणुकीस फसणारा लागतो. येथे चालकाने ते बंधन जाणून स्वीकारलेले असते. कवीला वृत्त कोणी सक्तीने लावत नाही, तरी एकदा स्वीकारले की मात्रा चुकविता येत नाही. बंधन कृत्रिम असले तरी ते पाळण्याचे श्रम खरे असतात.

खरा नैतिक पेच पुढेच आहे. धावपट्टीवर जो उतरतो, त्याने जोखीम स्वतः पत्करलेली असते. इंदूरहून फार दूर नसलेल्या पीथमपूरला २०२१ पासून ११.३ किलोमीटरची अतिवेगाची चाचणीपट्टी आहे. तिथे वेगाला जागा आहे आणि वेगाची साऱ्यांना पूर्वकल्पनाही आहे. आपल्या भर रस्त्यावर हातगाडी ढकलणाऱ्याने मात्र अशी कोणतीही संमती दिलेली नाही. हा मोड केवळ बंदिस्त धावपट्टीसाठी आहे, असे निर्माते बजावून सांगतात. पण छापील ताकिदीने कर्तव्य संपते काय? निसान कंपनीने २००७ साली जपानमध्ये आणलेली ‘जीटी-आर’ उपग्रहाच्या साहाय्याने स्वतःचे स्थान ओळखत असे, आणि मान्यताप्राप्त धावपट्टीवरच वेगमर्यादेचा अडसर काढू देत असे. गाडीला आपण कुठे आहोत हे कळू शकते, तेव्हा ते विचारायचे नाही असे ठरविणे, हाही एक निर्णयच असतो, आणि त्याच्या परिणामांत निर्मात्याचा वाटा राहतो.

तथापि निर्मात्याचा वाटा मोजताना चालकाचा वाटा कमी होत नाही. कठोपनिषदाच्या रथरूपकात इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी आहे. पडद्यावर बोट सरकवून मदत कमी करणारी ती बुद्धीच. लगाम सैल करण्याचा निर्णयही सारथ्याचाच. वळण साधले तर ‘मी साधले’ आणि गाडी खड्ड्यात गेली तर ‘संगणक चुकला’, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही. श्रेय घ्यावयाचे तर दोषासकट घ्यावे. अंगण आता खरोखर बदलता येते. म्हणूनच ते वाकडे होते असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावला आहे.