ठेका कोणत्या गल्लीचा?

महाल, नागपूर

चि. सोनूस,


तुझी यादी मिळाली. अमापियानो, आफ्रो हाऊस, मेलोडिक टेक्नो, हार्ड टेक्नो, जर्सी क्लब, बाइले फंक. आणि खाली प्रश्न : ‘मामा, यातलं पुढे काय चालेल ते सांग, मी त्यातच शिरते.’ साउंडवाल्याला विचारलंस ते बरं केलंस. ज्योतिषाला विचारलं असतंस तर त्याने उत्तर दिलं असतं.

पुढे काय चालेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्या दिवशी सांगता येतं त्या दिवशी उशीर झालेला असतो. एखाद्या प्रकाराचे तयार सॅम्पल पॅक विकायला आले, ‘दहा मिनिटांत शिका’ असे व्हिडिओ निघाले, की त्यातलं नवेपण संपलं असं खुशाल समज. तेव्हा प्रश्नच बदल. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढंच लिही : हा ठेका कोणत्या वस्तीत, कोणत्या यंत्रावर आणि कोणाच्या पायांसाठी जन्मला?

अमापियानोच घे. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांच्या टाऊनशिपमधलं हे संगीत, मिनिटाला साधारण 112 ठोक्यांचं, म्हणजे नेहमीच्या हाऊसपेक्षा सावकाश. त्यात किक ड्रम बऱ्याचदा मागे राहतो आणि बेसचं काम लॉग ड्रम करतो. हा लॉग ड्रम म्हणजे काही लाकडी वाद्य नव्हे. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधला एक तयार आवाज. आपले मिरवणुकीचे डीजे ज्यावर गाणी बनवतात तेच हे सॉफ्टवेअर! पोरांनी तो आवाज ताणून, वाकवून त्याचा बेस केला, फाइली मोबाइलवरून फिरल्या, प्रवासी टॅक्सीत वाजल्या आणि मग कुठे मोठ्या कंपन्यांना जाग आली.

आता आपल्याकडची गोष्ट सांगतो, ती नीट वाच. चरणजित सिंग हे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली. ती खपली नाही. त्यातलं 303 हे यंत्र मुळात गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. तेही चाललं नाही आणि कंपनीने लवकरच बंद केलं. मग ते सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि शिकागोच्या पोरांच्या हाती पडलं. त्यांनी त्याची बटणं वेडीवाकडी फिरवून जो चिरकणारा, पिळवटलेला आवाज काढला त्यातून फ्यूचर या गटाचा ‘अॅसिड ट्रॅक्स’ 1987 मध्ये बाहेर आला. त्याला जग अॅसिड हाऊस म्हणतं.

चरणजितांची तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा ‘अॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं’ अशी हाकाटी झाली. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. आवाज मुंबईत पाच वर्षं आधी होता हे खरं. प्रकार मात्र नव्हता. शिकागोत रॉन हार्डी नावाचा डीजे होता. त्याने म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये तो ट्रॅक पहिल्यांदा लावला तेव्हा लोक बाजूला झाले म्हणतात. त्याने त्याच रात्री तो पुन्हा लावला, आणखी पुन्हा लावला, आणि शेवटी सगळे वेड्यासारखे नाचले. चरणजितांकडे यंत्र होतं, कान होता, रागांचं ज्ञान तर शिकागोवाल्यांच्या कितीतरी पुढचं होतं. समोर नाचणारा जमाव तेवढा नव्हता. संगीताचा प्रकार यंत्रातून निघत नाही, जमाव तो घडवतो.

नागपुरात असा जमाव कुठे आहे? धरमपेठच्या ज्या कॅफेत तू शनिवारी वाजवतेस तिथे नाही. तिथली मंडळी बसून खातात आणि व्हिडिओ काढतात. जमाव आहे वरातीत, गणपतीत, 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीत, मारबत पुतळ्यांच्या मिरवणुकीत. आणि तिथे नवीन प्रकार जन्मून राहिले आहेत, तुझ्या यादीत एकही नसलेले. यूट्यूबवर ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन’, ‘हलगी मिक्स’, ‘संदल मिक्स’ असं शोध. (‘नागपुरी डीजे’ असं शोधलंस तर मात्र छोटा नागपूरची, झारखंडची गाणी निघतील, आपली नाही.) दोन डीजे समोरासमोर उभे राहिले की एकाने दुसऱ्याला गप्प करावं म्हणून हे ट्रॅक बनतात. सायरन, धमकीवजा डायलॉग, मधेच पूर्ण शांतता आणि मग छातीवर आदळणारा बेस. चोरी होऊ नये म्हणून गाण्यावर डीजेचं नाव बोलून घातलेलं असतं. तू नाक मुरडशील. त्यातलं बरंचसं मलाही कर्कश वाटतं.

पण हेच जमैकात झालं आहे. किंग्स्टनच्या रस्त्यांवर 1950 च्या दशकापासून साउंड सिस्टिम एकमेकींशी लढायच्या आणि प्रतिस्पर्ध्याकडे नसलेली खास तबकडी स्वतःपुरती कापून घ्यायच्या. तिला डबप्लेट म्हणत. त्या मैदानातला किंग टबी हा मुळात यंत्रं दुरुस्त करणारा, अॅम्प्लिफायर बनवणारा माणूस. त्याने गाण्यातला गळा काढून टाकला, ढोल आणि बेस पुढे आणला, त्यावर एको सोडला आणि डब हा प्रकार उभा राहिला. जमैकन लोकांबरोबर ती रीत लंडनला गेली; तिथे 1990 च्या सुमारास जंगल, मग ड्रम अँड बेस, पुढे डबस्टेप. आज ज्याला तू जागतिक म्हणतेस त्याचं मूळ अशा गल्लीतल्या भांडणात आहे. आपली कॉम्पिटिशन अजून भांडणाच्याच पायरीवर आहे. तिला किंग टबी मिळालेला नाही. ती जागा रिकामी आहे, आणि मला वाटतं ती तुझ्या यादीतल्या कोणत्याही नावापेक्षा मोठी आहे.

सुरुवात संदलपासून कर. ताजबाग दर्ग्याच्या उरुसात संदलची मिरवणूक निघते, आणि आपल्याकडे लग्नाच्या वरातीतही संदलचे वादक लावतात, धर्म न विचारता. या मंडळींच्या सरावाला दिवसा जा. मिरवणुकीत मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग फाटतं, शिवाय सगळ्यांचा आवाज एकात मिसळतो. सरावात एकेक वाद्य वेगळं मिळेल. घरी आल्यावर त्याचे तुकडे करून हाऊसच्या किकवर चिकटवू नकोस. फ्यूजनच्या नावाखाली हेच चाललं आहे आणि ते मला भयंकर कंटाळवाणं वाटतं. सॉफ्टवेअर प्रत्येक ठोका चौकटीत बसवतं. माणूस बसवत नाही. ताशा ठोक्याच्या किती आधी येतो, ढोल किती रेंगाळतो ते मोज आणि किकलाच त्या चालीने चालव. सहा मात्रांचा ठेका चारच्या चौकटीत कोंबला तर तो लंगडतो. तेव्हा चौकट मोड, ठेका मोडू नकोस.

भीमगीतांना हात लावशील तेव्हा जास्त जप. दीक्षाभूमीच्या गावात ती गाणी शब्दांसाठी ऐकली जातात. बेसखाली शब्द गेला तर गाणं गेलं. एवढं लक्षात ठेवून केलेले रिमिक्स इंदोऱ्यात लोक डोक्यावर घेतात.

आणि ज्याचं घेशील त्याला विचार, पैसे दे, नाव लाव. ‘आमेन ब्रेक’ हा 1969 च्या एका रेकॉर्डमधला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा. जंगल आणि ड्रम अँड बेस त्यावरच उभे राहिले. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये वारला. त्याला त्यातून रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. आपले संदलवाले हंगामात कमावतात आणि पावसाळ्यात बसून असतात. तू दिलेले दोन हजारही त्यांना थोडे नाहीत.

कानांचं आता रागावून सांगतो. 85 डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठीची मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पाव तास. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल सांगितली आहे. मिरवणुकीत बेसच्या डब्यांसमोर तू किती तास उभी असतेस? आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि कान गेलेल्या निर्मात्याचा ट्रॅक दरवेळी आणखी कर्णकटू होत जातो, कारण त्याला स्वतःला ते ऐकूच येत नाही. इअरप्लग घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. कायद्याने निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आहे आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणाच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. तू वाजवतेस त्या गल्लीत कोणाचं तरी म्हातारं माणूस झोपलेलं असतं.

गोव्याला जायचं म्हणतेस तर जा. हणजुण्याच्या किनाऱ्यावर 1990 च्या दशकात परदेशी भटक्यांनी गोवा ट्रान्स घडवला आणि त्यातून सायट्रान्स जगभर गेला. ती जागा पाहावी. सनबर्न महोत्सव 2007 मध्ये गोव्यातच सुरू झाला, तो जिथे भरेल तिथे जाऊन एकदा पाहा. पण स्टेजकडे तोंड करून उभी राहू नकोस. लोक नेमके कुठे थांबतात आणि कुठे उसळतात ते बघ.

त्याआधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत ये. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. नेहरू पुतळ्याजवळ दोघी भेटतात तेव्हा जी गर्दी नाचते तिला कोणत्या प्रकाराचं नाव काय याच्याशी देणंघेणं नसतं. रेकॉर्डर नंतर काढ, आधी नाच. पुढे ट्रॅक तयार झाला की मला पाठवायची घाई करू नकोस. ज्याचा ढोल घेतलास त्याला आधी ऐकव, आणि त्याचा पाय हलला नाही तर फाइल उघडून पुन्हा बस.

तुझा,
मामा