कळसाला हात जोडून परतणारे

पूर्णा आणि नांदेड यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर चुडावा हे परभणी जिल्ह्यातले गाव आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला हा मुलूख सपाट, काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीन-हळदीचा. शिखर म्हणावे असे इथे काही नाही. डोंगर चढायचा तर माहूर गाठावे लागते. तिथे रेणुकामाता, अनसूयामाता आणि दत्तशिखर अशी तीन डोंगरमाथ्यांवरची ठाणी आहेत. तरीही शिखर मोठे की चढण मोठी, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांनी तो विचारण्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसे तो वारीच्या वाटेवर विचारत आली आहेत. नरसीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत महिनाभर चालते. एवढी वाट तुडवून गेल्यावर विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला मिळते ते निमिषभर, आणि आषाढीच्या गर्दीत अनेकांना तेही मिळत नाही. मग चालणे कशासाठी होते? माझे मत असे, की चालणे पोहोचण्याहून मोठे आहे. पण त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण, म्हणजे ‘चालण्यात आनंद असतो’, हे मला अपुरे वाटते, आणि काही प्रसंगी घातकही.

आधी पोहोचण्याचा हिशेब पाहू. आज महाराष्ट्रात डोंगर चढणाऱ्यांची संख्या वाढली ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या गप्पांत ‘किती किल्ले झाले?’ हा प्रश्न फार लवकर येतो. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. ते ‘झाले’ की यादीतून एक नाव कमी. या हिशेबाची अडचण अशी, की त्यात मोजले जाते ते चढाईपासून सुटे करता येते, आणि जे सुटे करता येते त्याची नक्कलही करता येते. २०१६ मध्ये पुण्याच्या पोलीस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. छायाचित्रे बनावट असल्याचे उघड झाले आणि नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. त्या दोघांना दोष देऊन विषय संपत नाही. आपण समाज म्हणून जर माथ्यावरचे छायाचित्रच विचारत असू, तर कोणीतरी तेवढेच तयार करून आणणार. खुंबूच्या हिमप्रपातातली पहाट, दोरावरच्या सोबत्यासाठी थांबलेला अर्धा तास, आपण कुठे घाबरलो आणि कुठे चुकलो, हे कोणी विचारत नाही.

याच्या उलट बाजूचा दाखला कांचनगंगेचा आहे. ८५८६ मीटर उंचीच्या या शिखरावर पहिली यशस्वी चढाई २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यांनी केली, आणि माथा काही फुटांवर राहिला असताना ते थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी हे शिखर पवित्र आहे, म्हणून माथ्याला पाय लावणार नाही, असे वचन मोहिमेने आधी दिले होते. दुसऱ्या दिवशी गेलेल्या दुसऱ्या जोडीनेही ते पाळले. आज गिर्यारोहणाच्या इतिहासात ही चढाई अपुरी म्हणून कोणी नोंदवत नाही. त्या शेवटच्या काही फुटांत चढाईचे कौशल्य, धैर्य, श्रम यांपैकी काहीही राहून गेले नव्हते. राहून गेली ती फक्त मालकी. शिखरावरच्या क्षणातून चढाई वजा केली तर काय उरते, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही.

पंढरपुरात हेच आषाढी-कार्तिकीला घडते, आणि तिथे त्याला कोणी विशेष मानत नाही. दर्शनबारी कित्येक तासांची असते. हजारो वारकरी बारीत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, महाद्वारात नामदेव पायरीला डोके टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि परततात. त्यांची वारी अपुरी राहिली असे संप्रदाय मानत नाही. हे शिखर हुकलेल्यांचे समाधान आहे, असे कोणी म्हणेल. पण ही पायरी कोणाची, ते आठवावे. नामदेवांनी आपली समाधी गाभाऱ्याजवळ मागितली नाही. आत जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून दाराची पायरी मागितली. ज्या संताशी विठ्ठल बोलत असे, असे परंपरा सांगते, त्याने कायमची जागा निवडली ती उंबऱ्याबाहेरची. त्याहून मागे गेलो तर पुंडलिकाची कथा येते. देव भेटायला आला, पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट टाकली आणि देवाला थांबायला सांगितले. म्हणजे लाखो लोक ज्या मुक्कामाकडे चालत जातात, तो मुक्काम मुळात तयार झाला तो हातातले काम सोडून देवाकडे न धावलेल्या एका माणसामुळे. पोहोचण्याला सर्वस्व मानणाऱ्या धर्माला ही कथा परवडली नसती.

आणि वारकरीही मोजतो, हा आक्षेप लगेच येतो. घराण्यात किती पिढ्यांची वारी, आपली कितवी, हे अभिमानाने सांगितले जाते. खरे आहे, आणि त्या अभिमानाला संतांनीच वेळोवेळी फटकारलेही आहे. तरी दोन मोजण्यांत फरक आहे. शिखरे मोजणारा एकदा सर झालेल्या शिखराकडे पुन्हा सहसा वळत नाही, कारण यादीत त्याचा उपयोग संपला. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने त्याच ठिकाणी जातो. पंढरपूर ‘झाले’ असे वाक्य वारकऱ्याच्या तोंडी येऊच शकत नाही. त्याची गणती जिंकलेल्या जागांची नसते, न मोडलेल्या नेमाची असते, आणि नेम हा चालण्याचाच गुण आहे.

परभणी जिल्ह्याने या विचाराला दिलेले सर्वांत मोठे नाव जनाबाईचे. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे ही तिची कामे, आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो या कामांत हात लावायला. दळण ही अशी गोष्ट आहे की तिला शिखर नसते. आज दळले ते आज संपते, उद्या जाते पुन्हा रिकामे. ज्या कामाला शेवट नाही त्या कामात देव येतो, ही जनाबाईची साक्ष आहे. ॲरिस्टॉटलने क्रियांचे दोन प्रकार मानले: घर बांधण्यासारख्या क्रिया, ज्या पूर्ण होईपर्यंत अपुऱ्याच असतात, आणि पाहण्यासारख्या क्रिया, ज्या प्रत्येक क्षणी पूर्णच असतात. जनाबाईने याहून कठीण गोष्ट करून दाखवली. पहिल्या प्रकारचे रटाळ कष्ट तिने दुसऱ्या प्रकारात नेले. हे मी तत्त्वज्ञानातले मोठे काम समजतो.

आता खरे आक्षेप. पहिला असा, की शिखरच नसेल तर चढण कुठली? पंढरपूर नकाशावर नसते तर दिंडी निघालीच नसती. हे मी पूर्ण मान्य करतो. दिशेशिवाय चालणे ही भटकंती होते. तीही बरी असते, पण ती साधना नव्हे. नर्मदा परिक्रमेला पोहोचण्याचे ठिकाण नाही असे म्हणतात. पण तिथेही नदी ओलांडायची नाही आणि जिथून उचलली तिथे परिक्रमा पुरी करायची, हा नियम आहेच. गीतेचा कर्मयोगही फळ नाकारत नाही. फळावरचा हक्क सोडायला सांगतो आणि काम सोडण्याची पळवाटही बंद करतो. तेव्हा शिखर हवे, ते डोळ्यांसमोर हवे, आणि त्याकडे जाण्याची इच्छा प्रामाणिक हवी. अर्ध्यावर बसून ‘मी तर प्रवासाचा आनंद घेणारा’ असे म्हणणे बहुतेक वेळा आळसाला दिलेले चांगले नाव असते. ब्राउन आणि बँड यांचे थांबणे अर्थपूर्ण झाले, कारण ते तिथवर पोहोचले होते.

दुसरा आक्षेप याहून फार जड आहे, आणि तो चोखोबांचा आहे. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या समोरच, चोखामेळ्याची समाधी आहे. नामदेव स्वतःहून बाहेर राहिले. चोखोबांना बाहेर ठेवले गेले. दोघांच्या समाध्या हाकेच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्यातले अंतर आपल्या समाजाच्या सगळ्या पापाएवढे आहे. चालण्यातच सर्व काही आहे, आत जाण्याचे काय एवढे, हे वाक्य शतकानुशतके दलित भक्तांना ऐकवले गेले असेल, आणि ऐकवणारे आत जाऊन आलेले असतील. म्हणून १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला. म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्यानंतर विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडले. शिखर क्षुल्लक असते तर हे लढे क्षुल्लक ठरले असते. ते तसे नव्हते. याचा अर्थ माझे म्हणणे इथे मोडते का? मला वाटते, ते इथे नेमके होते. शिखर सोडून देण्याचा अधिकार ज्याच्यासाठी ते खुले आहे त्यालाच असतो. दुसऱ्याने कोणाला ‘तू पायथ्याशीच बरा’ म्हणणे हे अध्यात्म नाही, अन्याय आहे. आणि ज्या आंदोलनांनी दार उघडले त्यांनीही शिखर खात्यावर जमा केले नाही. ज्यांना दर्शनाची इच्छा नव्हती अशांनीही दुसऱ्याच्या हक्कासाठी कष्ट घेतले. तो हक्क मिळवण्याची चढण हीच त्यांची थोरवी आहे.

इथून ‘आनंदा’कडे येतो. शिखरे गोळा करणारा आणि अनुभव गोळा करणारा हे मला वाटते एकाच घरचे दोघे आहेत. एक म्हणतो, माझ्याकडे इतकी शिखरे आहेत. दुसरा म्हणतो, माझ्याकडे इतके सूर्योदय आहेत. दोघांच्याही हिशेबात मधला माणूस नाही. मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला डेव्हिड शार्प हा गिर्यारोहक वाटेशेजारी मरणासन्न पडला होता. त्याच्या शेजारून माथ्याकडे जाणारे कितीतरी जण गेले, आणि तो तिथेच मेला. एडमंड हिलरींनी यावर जाहीरपणे कडक टीका केली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, मेला म्हणून सोडून दिलेला लिंकन हॉल डॅन मेझर आणि त्याच्या तीन सोबत्यांना जिवंत सापडला. हवा स्वच्छ होती, माथा दोनएक तासांवर होता. ते चौघे थांबले, हॉलला खाली नेण्याची सोय झाली, आणि त्या दिवशी त्यांचे शिखर राहिले. यात त्यांनी चढाईचा आनंद घेतला असे म्हणणे विचित्र ठरेल. थंडीत तासन् तास एका भ्रमिष्ट झालेल्या माणसाला सांभाळणे हा काही सुखाचा अनुभव नव्हे. पण चढाईला अर्थ आला तो तिथे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हाच विचार आहे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चारही भाऊ एकेक करून पडतात, युधिष्ठिर एकटा वरपर्यंत जातो, आणि इंद्र रथ घेऊन उभा असताना सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. व्यासांनी त्याची शेवटची परीक्षा पोहोचण्याची ठेवली नाही; पोहोचल्यावर सोबत्याचे काय करतो याची ठेवली. चढण मोठी आहे ती यासाठी: दुसऱ्याशी कसे वागायचे हा प्रश्न चढणीवर सुटत असतो, माथ्यावर फक्त छायाचित्र निघते.

याच कसोटीवर यंत्राचा प्रश्नही पाहता येतो. सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, आणि पायऱ्या न चढता देवीपर्यंत जाता येते. चढण इतकी मोठी तर ट्रॉली वाईट का? अजिबात नाही. ज्या म्हातारीचे गुडघे गेले आहेत, तिची चढण ती आयुष्यभर चढलेली आहे. ट्रॉली तिला हक्क देते. धडधाकट माणसाने तीत बसून गर्दी वाढवावी का, हे त्याने मागे उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहून ठरवावे.

एक गोष्ट मात्र वारकऱ्यांनाही लागू आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. जाताना सोबत असलेली बहुतेक माणसे तोवर एसटीने, रेल्वेने घरी निघालेली असतात; शेतीची कामे असतात, पावसाचे दिवस असतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चालणे मोठे की पोहोचणे, याचे आपण खरोखर काय उत्तर देतो, ते या ओस पडलेल्या वाटेवर दिसते. पालखी तीच असते. शेगावची पालखी परतही पायीच जाते. ज्यांना चार दिवसांची सवड काढता येईल त्यांनी एखादे वर्ष जाताना चालू नये, येताना चालावे.