पदवीचे प्रामाण्य

मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, टेकडीवरच्या आटोपशीर किल्ल्याच्या सावलीत, पूर्णगड हे गाव वसलेले आहे. आणि त्या गावातील एखादी मुलगी बारावीनंतर घरचा मासळीचा व्यवहार सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव दाखल करते, किंवा हल्लीच्या प्रथेप्रमाणे एखादी ऑनलाइन पदवी मोबाइलवर अभ्यासू लागते, तेव्हा तिच्या कानी पडणारा पहिला अभिप्राय बहुधा असा असतो : ‘रत्नागिरीत अ‍ॅडमिशन नाय मिळालं काय गो?’ विचारणारा दुष्टच असतो असे नाही. परंतु ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते की ते बाहेरून सिद्ध व्हावे लागते, हा आपल्या दर्शनकारांचा पुरातन वाद त्याने नकळत उकरून काढलेला असतो.

मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण आहे. त्यास बाध आणणारा दुसरा प्रत्यय येईपर्यंत ते खरेच मानावयाचे. नैयायिकांस हे मान्य नाही. समोर पाणी दिसले एवढ्याने ते पाणी ठरत नाही, जवळ जाऊन तहान भागली म्हणजे ठरते. या फलदायी प्रवृत्तीस ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. दूरस्थ शिक्षण घेणारा विद्यार्थी साहजिकच मीमांसेच्या आश्रयास जाऊ पाहतो : मी शिकलो हे मला ठाऊक आहे, मग जगास पुरावा कशासाठी द्यावा? मनास यात दिलासा आहे खरा. परंतु नोकरी देणाऱ्यास उमेदवाराच्या अंतःकरणात शिरता येत नसल्यामुळे त्याने नैयायिक होणे अपरिहार्य आहे, आणि म्हणून त्याच्या शंकेचा राग मानणे मला तर्कशुद्ध वाटत नाही. राग यावा तो या नैयायिकाच्या अर्धवटपणाचा. दगडी इमारतीच्या, जुन्या नावाच्या कॉलेजातून आलेल्या उमेदवाराकडे तो हाच पुरावा मागत नाही. तेथे मात्र तो एकाएकी मीमांसक होतो!

सरकारी शिक्कामोर्तबाचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष समजाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केलेले आहे. तथापि मान्यतेची रुजवात प्रवेशापूर्वीच, त्या विशिष्ट अभ्यासक्रमापुरती आणि त्या विशिष्ट वर्षापुरती, करून घ्यावी लागते. काही अभिमत विद्यापीठांनी रीतसर मंजुरीवाचून दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांस नव्याने परीक्षा देण्याची मुभा तेवढी मिळाली. अपराध संस्थांचा होता, झळ विद्यार्थ्यांस लागली.

मान्यता आणि योग्यता या दोहोंत किती अंतर असू शकते, याचे मोठे उदाहरण पूर्णगडच्याच रत्नागिरी जिल्ह्याने दिलेले आहे. दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मातृभाषेतून शिकविणाऱ्या या संस्थेच्या ‘गृहीतागमा’ पदवीस सरकारदरबारी किंमत नव्हती; कायद्याची मान्यता मिळाली ती 1951 मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे तेथील पदवीधर स्त्रियांनी, ज्या कागदास सरकार ओळखत नाही असा कागद हाती घेऊन, लोकांच्या कुत्सित नजरा सोसल्या. त्या काळी झालेली सारीच टीका आकसाची होती असे म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण हा अभ्यासक्रम हलका आहे की काय, ही शंका काही हितचिंतकांसही येऊ शकत होती.

टीकेस उत्तर कसे द्यावे याविषयी न्यायशास्त्राने केलेला भेद येथे उपयोगी पडतो. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. ‘तुमचे गृहपाठ तयार उत्तरांवरून उतरविले जातात’ असे कोणी म्हटले, तर तो वाद आहे. आरोप खरा असल्यास मान्य करावा, आणि ज्यास हे चालू नये असे वाटते त्याने अभ्यासकेंद्रावर स्वतःच त्याची तक्रार मांडावी. ‘घरबसल्या मिळालेली पदवी ती कसली?’ ही मात्र वितंडा होय. तिच्यापुढे प्रमाणपत्रे मांडीत बसणे व्यर्थ.

अशा प्रसंगी विद्यार्थ्याच्या सांत्वनार्थ एकलव्याची कथा हमखास सांगितली जाते, परंतु ती पुरती वाचली जात नाही असे मला वाटते. भुंकणाऱ्या कुत्र्याचे मुख त्याने सात बाणांनी भरून टाकले, हे पाहून पांडवही विस्मित झाले. प्रवृत्तिसामर्थ्य याहून अधिक ते काय असावयाचे? ‘तू कोण?’ या प्रश्नास ते बाणच पुरेसे उत्तर होते. त्याने मात्र आपण द्रोणाचा शिष्य असल्याचे सांगितले. ज्या गुरुकुलाने त्यास दारातूनच परत पाठविले होते, त्याच्याच नावाची प्रतिष्ठा त्यास हवीशी वाटली, आणि त्या नावाचे मोल म्हणून त्याचा अंगठा गेला. द्रोणाचा अन्याय यामुळे तिळमात्र उणा होत नाही. पण पूर्णगडच्या त्या मुलीस जर कोणी जमाखर्चाचे ज्ञान विचारले, तर ‘आमच्याकडेही नामांकित प्राध्यापक शिकवितात’ असे तिने का सांगावे, हे मला अजून कळलेले नाही. मासळीच्या व्यवहाराची वही तिच्या हाताशीच असते.