रंगीत कागदाचे इमान

पॅरिसच्या जुन्या भिंतींवर ठिकठिकाणी एक ताकीद रंगविलेली आढळते. येथे कागद चिकटविण्यास मनाई आहे, असे सांगून तीत २९ जुलै १८८१ च्या कायद्याचा हवाला दिलेला असतो. हा कायदा मूळचा मुद्रणस्वातंत्र्याचा. त्याच्या १५ व्या कलमात अशी तरतूद आहे की, पांढऱ्या कागदावर भित्तिपत्रक छापण्याचा अधिकार केवळ सत्तेच्या हुकमांस असावा. इतरांस जे काही सांगावयाचे असेल ते त्यांनी रंगाच्या आश्रयाने सांगावे. आम्हां वकीलमंडळींस अशी कलमे वाचण्याचा नाद असतो. परंतु या कलमापाशी आम्ही थोडे अधिक थबकलो. शुभ्र कागद म्हणजे शासनाचे वचन आणि रंगीत कागद म्हणजे बाजाराची हाक, असा हा भेद कायद्याने रस्त्यावरच्या सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे ठेवला होता.

या रंगीत भिंतींवरच फ्रेंच चित्रपटाचे भित्तिपत्रक जन्मास आले. ल्यूमिएर बंधूंचा पहिला सशुल्क खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजी ग्रां काफेच्या तळघरात झाला, तेव्हा तिकीट काढून आलेले प्रेक्षक अवघे ३३ होते. लवकरच मार्सेलँ ओझोल याने एका खेळासाठी जे चित्र काढले त्यात पडद्यावर माळी स्वतःच्याच नळीच्या पाण्याने भिजत आहे आणि पुढे बसलेली मंडळी खदखदून हसत आहेत. चित्रपटापेक्षा प्रेक्षकांचे हसू अधिक विकाऊ आहे, हे त्या चतुर माणसाने ओळखले होते! पुढे रने पेराँ, बोरिस ग्रिन्सन, क्लेमाँ ह्युरेल यांसारख्यांनी ही कला वाढविली. १९५९ सालच्या त्र्युफोच्या 'ले कात्र साँ कू' या चित्रपटाचे भित्तिपत्रक ग्रिन्सनचे. पुढच्या वर्षी आलेल्या गोदारच्या 'आ बू द सूफ्ल' चे ह्युरेलचे. दोन्ही चित्रपट कृष्णधवल, आणि भिंतीवरचे कागद मात्र रंगांनी न्हालेले. चित्रकारापुढे पुष्कळदा निर्मात्याने धाडलेली चार-दोन छायाचित्रेच असत; मूळ चित्रपट पाहण्याचा योग प्रत्येक वेळी येईच असे नव्हते.

मग प्रश्न असा की, न पाहिलेल्या वस्तूची अशी आकर्षक ग्वाही देणारा मनुष्य असत्य बोलतो काय?

करारविषयक कायद्याकडे याचे उत्तर तयार आहे. विक्रेत्याने आपल्या मालाची केलेली नुसती स्तुती त्यास बांधीत नाही, हे तत्त्व रोमन काळापासून चालत आले आहे. ज्याने एक नाणे मोजून अंधाऱ्या दालनात प्रवेश केला, त्याने जांभळे आकाश दिसले नाही म्हणून फिर्याद करू नये. उत्तर व्यवहारास पुरेसे आहे. मनास पुरत नाही. कारण कागदाच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे. फ्रान्सच्या ११ मार्च १९५७ च्या कायद्याने कलावंताचा आपल्या नावावरील हक्क चिरंतन आणि अविक्रेय ठरविला. आपल्याकडील त्याच वर्षीच्या कायद्याचे ५७ वे कलमही, कृती विकल्यानंतरसुद्धा, कर्तृत्व सांगण्याचा हक्क कर्त्याकडे ठेवते. नावाचा मान असा दोन्ही देशांनी राखला. परंतु नाव हे मानाबरोबर दायित्वही आणते, आणि त्या दायित्वाविषयी ही कलमे मुकी आहेत.

दुसऱ्याच्या धंद्याविषयी इतका सूक्ष्म विचार करण्यापूर्वी आम्ही स्वतःकडे पाहावे हे बरे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका घरमालकाचे वकीलपत्र घेतले होते. घर आम्ही पाहिले नव्हते, कागद पाहिले होते. मालकास जागेची निकड आहे, असे अशिलाने सांगितले आणि आम्ही त्या निकडीचे चित्र असे काही रंगविले की ताब्याचा हुकूम झाला. भाडेकरू वृद्ध होते. निकालाच्या दिवशी त्यांनी आम्हांस नमस्कार केला, तो का केला हे आम्हांस आजतागायत उमगलेले नाही. त्यानंतर ते घर वर्षभर कुलूपबंद राहिले. आम्ही खोटे बोललो नव्हतो. आम्हांस जी छायाचित्रे मिळाली त्यांवरून आम्ही भित्तिपत्रक काढले, एवढेच. किंबहुना हाच बचाव पेराँ-ग्रिन्सन यांनीही केला असता.

परंतु त्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो आमच्या बाजूने नाही. त्यांचा कागद रंगीत होता. हा मनुष्य काहीतरी विकावयास उभा आहे, हे तो कागद दुरूनच सांगे आणि वाटसरू तेवढी वजावट मनाशी करूनच तिकिटाच्या खिडकीकडे वळे. आमचे दावे व अर्ज पांढऱ्या कागदावर टंकलिखित होतात. समोर न्यायाधीश बसलेले असले आणि वकिलाच्या वाणीतून किती वजा करावे हे ते जाणत असले, तरी तो वृद्ध गृहस्थ ते जाणत नव्हता. त्याच्या लेखी आम्ही सांगितले ते सरकारदरबारचे सांगणे होते.

पाथे कंपनीसाठी विनोदी भित्तिपत्रके काढणारा आद्रियाँ बारेर हा तरुणपणी कायदा शिकला होता. नंतर वैद्यक शिकला आणि अखेर दोन्ही सोडून व्यंगचित्रांकडे वळला. आम्ही वळलो नाही.

त्या घरावरून आमचा रोजचा रस्ता जातो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या दारावर कोणी एका नव्या चित्रपटाचा मोठा कागद चिकटविला होता. दोन सरींत त्याचा वरचा भाग गळून पडला; उरलेल्या कोपऱ्यात छापखान्याचे नाव होते, चित्रकाराचे नव्हते.