नव्वदीतलं पेडगाव

परभणीहून मनमाडच्या बाजूला निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात पेडगाव लागतं. दोन्ही अंगांना काळी रानं, त्यांत कापूस, सोयाबीन, हंगामात ज्वारी. या गावाला नावापायी एक म्हण फुकट चिकटली आहे. 'वेड पांघरून पेडगावला जाणं' ही म्हण खरं तर श्रीगोंद्याजवळच्या, भीमेकाठच्या पेडगावची. पण परभणीच्या पेडगावकरानं बाहेर कुठं गावाचं नाव सांगितलं, की समोरचा हमखास हसतो आणि विचारतो, "मग, पांघरून आलात का?" ते हसू निमूट सोसावं लागतं.

ही म्हण मराठीतून कुठल्या एका खेळाला दान करायची ठरली, तर ती कसोटी क्रिकेटला द्यावी. ९४ धावांवर खेळणारा फलंदाज पाहा. हातमोज्यांचे पट्टे उघडतो, पुन्हा लावतो, खेळपट्टीवरचा नसलेला खडा बॅटनं उचलतो आणि धावफलकाकडं मुद्दाम पाठ फिरवतो. संध्याकाळी विचारलं की सांगतो, आकड्याकडं माझं लक्षच नव्हतं, मी संघासाठी खेळत होतो. ड्रेसिंग रूममधला कप्तानही घड्याळाकडं पाहत नसल्याचा आव आणतो. मैदानातल्या चाळीस हजारांना मात्र नेमका आकडा ठाऊक असतो.

गावच्या टेनिस बॉलच्या मॅचला हा पेच पडत नाही. आठ ओव्हर म्हणजे ४८ चेंडू. तिथं कुणी चाचपडत खेळू लागला, तर बांधावरून लगेच आवाज येतो, "घरी जायचं नाही का रं?" स्कोअर लिहिणाऱ्याच्या शाळकरी वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक ओळ असते आणि तळाशी बेरीज. भांडण झालंच तर बेरजेवरून होतं. कसोटीत मात्र पाच दिवस असतात. दिवसाला ९० याप्रमाणे ४५० षटकं. एवढा वेळ हाताशी असला की तो कुणाच्या खात्यावर खर्च करायचा, हा प्रश्न आलाच. कसोटीत धावा मिळवता येतात, पण गेलेलं षटक परत मिळत नाही. शतकासाठी ओढलेली चार षटकं पाचव्या दिवशी संध्याकाळी आठवतात, तेव्हा समोरचे शेवटचे दोन गडी बाद व्हायचे असतात आणि उजेड गेलेला असतो.

मुलतानचा वाद अशाच षटकांचा होता. २९ मार्च २००४, भारत-पाकिस्तान कसोटीचा दुसरा दिवस. सेहवाग ३०९ करून परतलेला. सौरव गांगुली जायबंदी असल्यानं कप्तानी राहुल द्रविडकडं. युवराज ५९ वर बाद झाला आणि द्रविडनं ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. दुसऱ्या टोकाला सचिन तेंडुलकर नाबाद १९४. त्या रात्री महाराष्ट्रातल्या किती घरांत जेवणाची ताटं तशीच राहिली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पण सचिनची तक्रार सहा धावांची नव्हतीच, निदान फक्त सहा धावांची नव्हती. २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानं सांगितलं आहे, की चहापानाला विचारलं तेव्हा पाकिस्तानला दिवसअखेर पंधराएक षटकं खेळायला लावायची असं ठरलं होतं. मग रमेश पोवार निरोप घेऊन आला, वेग वाढव. आणि डाव घोषित झाला तेव्हा दिवसाची सोळा षटकं उरली होती. म्हणजे सारा तंटा एका षटकाचा! द्रविडच्या बाजूनंही कारण होतं. त्याच वर्षी जानेवारीत सिडनीला भारतानं ७०५ धावा करूनही दुसऱ्या डावात घोषणा लांबवली होती. ऑस्ट्रेलियापुढं ४४३ चं लक्ष्य होतं, त्यांनी ६ बाद ३५७ वर सामना वाचवला. तिथं घोषणा होईपर्यंत खेळपट्टीवर कोण होते? नाबाद ६० वर सचिन आणि नाबाद ९१ वर खुद्द द्रविड. दुधानं तोंड पोळलेला माणूस मुलतानला ताक फुंकून प्याला.

त्या संध्याकाळी पाकिस्तानचा एकही गडी बाद झाला नाही. म्हणजे घाईचा तात्काळ उपयोग शून्य. भारत एक डाव ५२ धावांनी जिंकला आणि पाकिस्तानातला तो भारताचा पहिलाच कसोटी विजय ठरला. पण तिसऱ्या दिवशीचा शेवटचा चेंडू विसरता येत नाही. तो टाकला सचिननं, गुगली, आणि मोईन खानच्या दोन पायांमधून जाऊन यष्ट्यांवर लागला. आदल्या दिवशी रुसलेला, म्हणून ज्याच्यावर मागाहून टीका झाली, तो हाच माणूस. कप्तानानं निर्णय घेतला, सचिननं नाराजी उघड बोलून दाखवली आणि दोघं पुढंही वर्षानुवर्षं एकत्र खेळले. वेड कुणीच पांघरलं नाही. या प्रकरणातली सर्वांत निरोगी गोष्ट तीच असावी.

जेमतेम दोन आठवड्यांनी अँटिग्वात ब्रायन लारानं इंग्लंडविरुद्ध नाबाद ४०० केल्या. वेस्ट इंडिजनं ५ बाद ७५१ वर डाव सोडला आणि सामना अनिर्णित राहिला. विक्रम झाला, विजय गेला. जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा हंगामी कप्तान विआन मुल्डर झिंबाब्वेविरुद्ध नाबाद ३६७ वर असताना जेवणाच्या सुट्टीत त्यानं डाव घोषित केला. तो म्हणाला, हा विक्रम लाराच्याच नावावर राहावा. गंमत अशी की तिथं संघहिताचा प्रश्नच नव्हता. दुसरा दिवस होता, समोरचा संघ दुबळा होता, हाती वेळ भरपूर होता. सामना डावानं जिंकलाच. मुल्डरनं केला तो त्याग संघासाठी नव्हताच, तो वडीलधाऱ्यासमोर खुर्चीवरून उठून उभं राहण्याचा प्रकार होता. मराठी माणसाला तो समजायला जड नाही.

पण आपल्या मातीतलं सर्वांत बोचरं उदाहरण कसोटीतलं नाही. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. महाराष्ट्राविरुद्ध काठियावाडचा डाव २३८ वर आटोपलेला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४९४ मिनिटं खेळले, ४९ चौकार, एक षटकार, नाबाद ४४३. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ला मागं टाकायला दहा धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढं खेळायला नकार दिला आणि सामनाच सोडला. इथं स्वार्थ की संघ हा वादच उरत नाही. महाराष्ट्राचं हित केव्हाच साधलं होतं. आडवी आली ती प्रतिस्पर्ध्याच्या नावावर नको असलेली एक नोंद.

आणि पुढं? ४४३ धावा करूनही निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. २०१२ साली ते वारले, तोवर त्यांची ओळख एका आकड्यापुरती उरली होती. अमोल मुजुमदारनं रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, भारताची टोपी नाही. पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत ५८९ विकेट्स, कसोटी शून्य.

स्वार्थी खेळाडूवर तुटून पडणारे टीकाकार नेमकं हेच नजरेआड करतात. जागा पक्की असलेल्याला शतक सोडणं परवडतं. परभणी जिल्ह्यातल्या पोराचं तसं नसतं. त्याची क्रिकेट संघटना पुण्याला, म्हणजे रात्रभराचा प्रवास, किट बर्थखाली सरकवून. तिथं त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, त्याच्या धावाच त्याची ओळख करून देतात. निवडीच्या कागदावर सर्वोच्च धावसंख्या लिहायला जागा असते, 'संघासाठी सोडलेल्या धावा' असा रकाना कुणी छापलेला नाही. आधी आकडे मागायचे आणि मग आकड्यांसाठी खेळतो म्हणून बोल लावायचा, हा दुटप्पीपणा व्यवस्थेचा आहे. तो पोराच्या माथी मारू नये.

मुंबईच्या खडूस घराण्यानं यावर आपलं उत्तर काढलं होतं. शतक झालं की पुन्हा गार्ड घ्यायचा आणि शून्यापासून सुरू करायचं. मोठी खेळी हेच संघहित. सुनील गावसकर हा त्या घराण्याचा बिनीचा गायक, आणि धावफलकाकडं न पाहण्याची त्याची सवय मात्र खरी होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध अवघ्या ९४ चेंडूंत शतक झालं, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली, तरी त्याला पत्ता नव्हता. ते सांगायला समोरून दिलीप वेंगसरकरला यावं लागलं.

त्याच गावसकरची शेवटची कसोटी मार्च १९८७ मधली, बंगळूर, पाकिस्तानविरुद्ध. चेंडू खेळपट्टीवर पडून कुठं जाईल याचा नेम नाही, लक्ष्य २२१. तो ९६ वर स्लिपमध्ये झेल देऊन गेला आणि भारत १६ धावांनी हरला. त्या चार धावांत वैयक्तिक किती आणि सांघिक किती, हे वेगळं काढून दाखवावं कुणीतरी. पुण्याच्या चंदू बोर्ड्यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्या डावात १०९ केल्या. दुसऱ्या डावात ९६ वर असताना गिलख्रिस्टला खेळताना त्यांचा स्वतःचाच यष्ट्यांना धक्का लागला.

बीडच्या सचिन धसचा आकडाही ९६ च. फेब्रुवारी २०२४, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, बेनोनी. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ चा पाठलाग करताना भारत ४ बाद ३२. तिथून उदय सहारनबरोबर १७१ ची भागी. धस बाद झाला तेव्हा त्याला चार हव्या होत्या, संघाला बेचाळीस. सामना दोन गडी राखून निघाला. तेंडुलकरच्या नावावरून ज्याचं नाव ठेवलं, त्याचं शतक हुकलं म्हणून त्या रात्री बीडमध्ये फटाके कमी वाजले नसावेत.

नव्वदीसारखीच वेडं पन्नाशीलाही पांघरली जातात. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला अजिंक्य रहाणेनं धाव घेण्याची हाक दिली, मग थांबला आणि ७४ वर खेळणारा विराट कोहली धावबाद झाला. पुढं ३६ सर्वबादची नामुष्की. पुढच्याच कसोटीत मेलबर्नला रहाणे स्वतः ११२ वर, समोर ४९ वर रवींद्र जडेजा. पन्नाशीच्या एका धावेसाठी जडेजा निघाला आणि रहाणे धावबाद झाला. कप्तान होता, शतकवीर होता, चिडायला पूर्ण मुभा होती. त्यानं जडेजाजवळ जाऊन त्याची पाठ थोपटली, खेळत राहा म्हणून सांगितलं आणि तो चालू लागला. भारत आठ गडी राखून जिंकला. हातवारे नाहीत, जमिनीवर आपटलेली बॅट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आश्वीच्या या माणसाचं ते चालत जाणं त्याच्या ११२ धावांइतकंच लक्षात राहिलं.

एक हिशेब मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही. डिसेंबर २०२१, वानखेडे. मुंबईत जन्मून लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला एजाझ पटेल आपल्या जन्मगावी भारताचे दहाच्या दहा गडी बाद करतो. ११९ धावांत दहा. जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतर कसोटीतला तिसराच. त्याच दिवशी त्याचा संघ ६२ धावांत गारद होतो आणि पुढं ३७२ धावांनी हरतो. इकडं दहा गडी, तिकडं ६२ धावा. आनंद कुठल्या बाजूचा करायचा? एजाझनं तो चेंडू मुंबई क्रिकेट संघटनेच्या संग्रहालयासाठी दिला आणि हरलेल्या संघाबरोबर परतीचं विमान पकडलं.