चारचौघांपुढें केलेलें काम

मनुष्य एकटा असतां जें काम करितो, तेंच चारचौघांदेखत करूं लागला म्हणजे निराळें होतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. कोणी म्हणतात, लोकांच्या नजरेमुळें वाढलेला उत्साह केवळ ढोंग होय. हें म्हणणें न्याय्य आहे काय, याचा विचार करूं.

अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत नॉर्मन ट्रिप्लेट यांनीं या विषयाचा शोध करून तो 1898 सालीं प्रसिद्ध केला. एकट्यानें घड्याळाशीं झगडणाऱ्या सायकलस्वारापेक्षां इतरांबरोबर धांवणारा स्वार अधिक वेगानें जातो, असें त्यांस शर्यतींच्या नोंदींवरून दिसलें. मग त्यांनीं 40 मुलांस मासे धरण्याच्या गळाचें रीळ फिरविण्यास दिलें. कधीं एकट्यानें, कधीं जोडीनें. जोडीनें फिरवितांना 20 मुलांचा वेग वाढला; परंतु 10 मुलें उलट मंदावलीं, व 10 जणांत विशेष फरक पडला नाहीं. एकाच सोबतीनें एकास पंख फुटावे व दुसऱ्याच्या पायांत बेडी पडावी, असें कां?

याचें उत्तर रॉबर्ट झायन्स यांनीं 1965 सालीं सुचविलें. जवळ कोणी असलें म्हणजे मनुष्यास चेव येतो, आणि जी संवय पक्की असते ती जोरानें बाहेर पडते. म्हणून अंगवळणीं पडलेलें काम अधिक चांगलें होतें. नवें व कठीण काम मात्र बिघडतें, कारण नवशिक्याच्या हाताशीं अजून चूकच अधिक जवळ असते. तेव्हां नजर गुण निर्माण करीत नाहीं. आंत आहे तेंच बाहेर काढते. त्यास ढोंग म्हणणें अन्यायाचें आहे.

खरा दोष दुसरीकडे आहे. फ्रान्सांतील शेतकी अभियंता माक्स रिंगेलमान यांनीं 1913 सालीं दाखविलें कीं, मिळून ओढणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याचें बळ घटतें. कांहीं घट सर्वांचे हिसके एका वेळीं न बसल्यामुळें होते. परंतु लाटाने व त्यांचे सहकारी यांच्या 1979 च्या प्रयोगांत, आपल्याबरोबर इतरही ओरडत आहेत अशा नुसत्या समजुतीनेंच माणसांनीं आपला आवाज कमी लाविला. पुढें 1981 च्या प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातो असें कळल्यावर ही कसूर नाहींशी झाली. गर्दीच्या आड हात सैल सोडणें हा शेजाऱ्यावर अन्याय होय. कारण आपला भार त्याच्या खांद्यावर पडतो.

यांतून दोन कर्तव्यें निघतात. एक पाहणाऱ्याचें: जें मूल अद्याप अक्षरें जुळवीत वाचतें, किंवा जी प्रौढ स्त्री प्रथमच पाटी हातीं धरिते, तिला सर्वांदेखत उभें करून हंसूं नये, आधीं एकांतांत शिकूं द्यावें, मग सभेंत पुढें आणावें. दुसरें करणाऱ्याचें: गांवचा बांध घालतांना प्रत्येकाचा वांटा ठरवून घ्यावा, आणि जेथें तो कोणी मोजीत नाहीं तेथें आपला आपणच मोजावा. वाचकहो, दहा जणांनीं धरिलेल्या दोरावर आपला हात खरोखर ओढतो आहे कीं नुसता टेकला आहे, हें ज्याचें त्यासच ठाऊक असतें.